कोऱ्या खुराची गोष्ट

त्याला सगळे भोंगा म्हणत. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात त्याची उमर गेली होती, त्यामुळे घरातही तो "चहा झाला का" असं विचारायचा तेव्हा शेजारची बाई कप विसळायला घ्यायची. आवाजाला धार नव्हती, भार होता. गर्दीवर ओली चादर पडावी तसा तो पडायचा आणि गर्दी गप्प व्हायची. मग स्टँडवर यंत्र आलं. त्यात कुणा बाईचा आवाज आधीच भरून ठेवलेला; तिला सर्दी होत नव्हती, रजा लागत नव्हती. भोंग्याला निरोपादाखल भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं आणि तो घरी बसला. घरी बसलेल्या आवाजाइतकी अडगळ दुसरी नाही. बायको दुपारी म्हणायची, "अहो, जरा बाहेर जाऊन बोला ना कुणाशी तरी."

बाहेर म्हणजे गल्ली. बंद पडलेल्या कापड कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली, एका बाजूनेच घरं असलेली. पहिल्या घरात पत्रेवाला, डबे आणि कंदील ठोकणारा. पुढे बाइंडर, वह्या-पुस्तकं शिवणारा. आणि मधोमध भोंग्याची थोरली बहीण, अक्का. ती कागदाच्या लगद्याचे घोडे करायची. कारखाना चालू होता तेव्हा पगाराच्या दिवशी लोक पोरांना घोडा घेऊन जात. कारखाना गेला, पगार गेला, घोडे फळीवर राहिले. अक्काचा नवरा त्याआधीच वारला होता, आणि मुलगा, म्हणजे भोंग्याचा भाचा, एका सकाळी आईशी कडाक्याचं भांडून निघून गेला. "कागदी घोडे नाचवून पोट भरत नाही," असं तो म्हणाला होता. ज्या गाडीने तो गेला तिची घोषणा भोंग्यानेच केली. काचेतून त्याला भाचा दिसत होता, मांडीवर पिशवी घेऊन बसलेला. माईक हातात होता. त्याने गाडीचा मार्ग सांगितला, थांबे सांगितले, आणि माईक बंद केला.

भाचा कुठल्यातरी मोठ्या शहरात पार्सलांच्या गोदामात लागला. अधूनमधून फोन करायचा. अक्का फोनवर "हो", "बरी आहे", "खातोस ना" एवढंच बोलायची. दोघांनाही नमतं घ्यायचं होतं, पण आधी कुणी घ्यायचं यावर घोडं अडलं होतं.

अशात नगरपालिकेच्या कचेरीतून एक मॅडम आल्या. पायात बूट, खांद्याला झोळी, आणि बोलणं मनापासूनचं. बाइंडरच्या ओट्यावर सगळ्यांना जमवून त्या म्हणाल्या, "कारखाना परत येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तुमच्या हातात जे आहे त्यावर हे गाव उभं राहू शकतं. आजूबाजूची गावंसुद्धा. कला हाही उद्योगच आहे. लोक बघायला येतील, बघून घेतील."

पत्रेवाला म्हणाला, "मॅडम, मी डबे करतो. ती कला कधीपासून झाली?"

"तुम्ही हाताने करता म्हणून."

"हे जरा घरी येऊन बायकोला सांगाल का? ती त्याला ठोकाठोकी म्हणते."

लोक हसले, पण मॅडमनी केलं ते खरोखर केलं. दारांना रंग आले, वर दिवे आले, गल्लीच्या तोंडाला कमान आली. पाहुण्यांना घेऊन फिरणारा, समजावून सांगणारा कुणीतरी हवा होता. सगळ्यांनी एकदम भोंग्याकडे पाहिलं. त्याला पुन्हा आवाज मिळाला. त्या रात्री त्याने बायकोला हळू आवाजात "जेवायला वाढ" म्हटलं, आणि तिला वाटलं याला ताप आहे.

पण नव्याचे नऊ दिवस सरले. पाहुणे यायचे, बघायचे, "छान" म्हणायचे आणि हात हलवत जायचे. भोंगा सांगायचा ते सगळं खरं होतं आणि सगळं कोरडं होतं: कागद भिजवतात, कुटतात, त्यात खळ मिसळतात, साच्यात दाबतात, दोन अर्धुकं जोडतात, उन्हात ठेवतात. लोक जांभई आवरत ऐकायचे. बाइंडर म्हणाला, "अरे, तू गाड्यांचं वेळापत्रक सांगतोयस की काय?"

एके दिवशी एका पाहुण्या बाईने अक्काच्या फळीवरचा घोडा उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, "याचा एक खूर कोरा कसा?"

खरं उत्तर अगदी साधं होतं. घोडा रंगात बुडवायचा तर कुठेतरी धरावा लागतो. अक्का त्याला मागच्या डाव्या पायाला चिमट्याने धरायची आणि रंगाच्या डब्यात सोडायची. चिमट्याखालचा खूर कोरा राहायचा. पूर्वी तो वाळल्यावर ब्रशने रंगवायचं काम भाच्याचं होतं. तो गेला आणि ते काम राहिलं. अक्का म्हणायची, "घोड्याचा पाय कोण बघतंय." एवढंच.

जिभेला हाड नसतं. भोंग्याचं तोंड उघडलं आणि त्यातून, त्याने आधी कधी विचार केला नव्हता असं वाक्य बाहेर आलं. तो हळू आवाजात म्हणाला, "तिचा एकच मुलगा होता. खूर तो रंगवायचा. एक दिवस नदीवर ब्रश धुवायला गेला, तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी सापडला. तेव्हापासून ती तो खूर तसाच ठेवते."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घोडा छातीशी धरला. बरोबरच्या लोकांनीही एकेक घेतला. मग ओशाळल्यासारखे ते पत्रेवाल्याकडे गेले, बाइंडरकडे गेले, आणि तिथेही त्यांनी घेतलं; जणू या गल्लीतून रिकाम्या हाताने जाणं हा त्या मुलाचा अपमान होता.

त्या दिवशी भोंगा घरी गेला तो सरळ मोरीत जाऊन चूळ भरत राहिला. बायकोने विचारलं, "काय खाल्लंत?" तो म्हणाला, "काही नाही."

उद्या सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांना आदल्या दिवशीच्या पाहुण्यांनी कळवलं होतं. ते येताच विचारू लागले, "ते खुराचं काय आहे?" आणि पत्रेवाला दारातून त्याच्याकडे नुसता बघत उभा होता. त्याच्या घरात बऱ्याच काळाने नवी चादर आली होती.

गल्ली उभी राहिली. बोलायचं तर भोंग्याच्या त्या वाक्यावर उभी राहिली. अक्काने हाताखाली दोन बायका घेतल्या, पत्रेवाल्याचा भाऊ दुसऱ्या गावाहून कामाला परत आला, पलीकडच्या वाडीतल्या बायका लगद्यासाठी रद्दी निवडून देऊ लागल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे म्हैस मेलीच नव्हती आणि दूध येत होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

एवढंच होतं, की अक्काच्या दारात आल्यावर भोंग्याचा आवाज उतरायचा. पत्रेवाल्याकडे तो गरजायचा, बाइंडरकडे खुलायचा, आणि इथे कानगोष्ट सांगितल्यासारखा बोलायचा. पाहुण्यांना वाटायचं, दुःख आहे म्हणून. अक्का आत पाटावर बसून साच्यात लगदा दाबत असायची. तिला ऐकू जात नाही अशी भोंग्याने स्वतःची समजूत घातली होती. एखादी बाई आत जाऊन तिचा हात हातात घ्यायची. अक्का हात काढून घ्यायची नाही, म्हणायची, "हात ओला आहे हो माझा."

तिने भावाला कधीच काही विचारलं नाही. हेच भोंग्याला जड जायचं. ती भांडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला पाय धरता आले असते. ती त्याला पूर्वीसारखाच चहा द्यायची, साखर थोडी जास्त, कारण त्याला आवडते. कप तसाच ठेवून तो उठायचा.

मग मॅडमनी बातमी आणली. आसपासच्या गावांची माणसं ही गल्ली बघायला येणार होती. त्यांना पटलं, तर गावोगावी असंच काही उभं राहणार होतं, लगद्याच्या कामाचं मोठं शिक्षण केंद्र इथेच, जुन्या कारखान्याच्या गोदामात होणार होतं. "पन्नास घरांना काम मिळेल," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपल्याकडे आहेच." त्या 'गोष्ट' म्हणाल्या तेव्हा भोंग्याने खाली पाहिलं. मॅडमना ती खरीच वाटत होती. त्यांनी कमानीजवळच्या भिंतीवर चित्रही काढून घेतलं: नदी, काठावर पाठमोरी आई, लाल घोडा, आणि पाण्याबाहेर आलेला एका तरुणाचा हात. बाजूला पाण्यात त्याचं तोंड, वर दाट कुरळे केस.

चित्राचा रंग वाळतोय न वाळतोय, तोवर भाचा आला.

आधी कळवलं नव्हतं. पाठीला पिशवी, हातात एक खोकं. भोंगा कमानीखाली उभा राहून पाहुण्यांची वाट बघत होता, आणि समोरून हा. अंगाने भरला होता, कपाळ मागे सरकलं होतं. त्याने मामाला मिठी मारली. भोंग्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले.

"मामा, ओळखलं नाहीस का रे? असा काय बघतोयस, भूत बघितल्यासारखा?"

"ओळखलं," भोंगा म्हणाला.

"फोनवर गल्लीचं चित्रीकरण बघितलं कुणीतरी पाठवलेलं. आवाज नव्हता त्यात, पण आईची फळी ओळखली. म्हटलं, इथे काम आहे आणि मी तिकडे लोकांची खोकी उचलतोय." तो हसला. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. "चित्र भारी काढलंय. कोण रे हा बुडणारा?"

धरणीने पोटात घ्यावं असं माणूस म्हणतो, पण धरणीला तेवढा वेळ नसतो. भोंगा म्हणाला, "असाच. गोष्टीतला."

"बिचारा," भाचा म्हणाला, आणि आईकडे गेला.

अक्काने दार उघडलं. तिने त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "केस कुठे टाकलेस?" मग ती मोरीत गेली आणि बराच वेळ तिथे पाणी वाहत होतं. भोंगा दाराबाहेर उभा होता. ती रडत होती हे त्याला कळत होतं. आणि त्या रडण्यात थोडी भीतीही आहे, हेही कळत होतं, कारण तीच त्यालाही वाटत होती.

पत्रेवाला सायंकाळी भोंग्याला गाठून म्हणाला, "आता रे? आता हा मेलेला जेवायला बसला की पंचाईत."

"गप्प बस."

"मी गप्पच आहे. सगळी गल्ली गप्प आहे. पण त्याला कुणीतरी सांग, माणसं येतील तेव्हा जरा आत राहा म्हणावं. चार दिवस. एवढी माणसं येऊन जाईपर्यंत." मग जरा थांबून म्हणाला, "चित्रात केस मात्र बरे दिलेत त्याला."

भाच्याला कामाची खुमखुमी होती. दुसऱ्या सकाळी त्याने फळीवरचे घोडे काढून ओळीने मांडले, कुठूनतरी आपला जुना ब्रश शोधला आणि एकेक खूर रंगवायला बसला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा हात लहानपणापासून त्या कामाला बसलेला होता. चार-पाच घोडे झाले असतील, तोच अक्का आली.

"राहू दे ते," ती म्हणाली.

"का? अर्धवट वाटतात गं हे."

"लोकांना असेच आवडतात."

"कोरा खूर? लोकांना काय कळतं. चिमट्याची खूण आहे ती."

अक्काने त्याच्या हातातून ब्रश घेतला. "आत लगदा कुटायचाय. आत बस. इथे उजेड येतो डोळ्यावर."

तो बघत राहिला. आईने उजेडाची तक्रार कधी केली नव्हती. तिचं सगळं आयुष्य ओट्यावरच्या उजेडात गेलं होतं. पण आल्या आल्या वाद नको म्हणून तो आत गेला. भोंगा हे ओट्याच्या पायरीवरून ऐकत होता. रंगवलेले ते घोडे अक्काने उचलले आणि फळीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले.

भोंग्याने तेव्हा सांगायला हवं होतं. मामा होता तो. नंतर तो स्वतःशीच शंभरदा म्हणाला, की तेव्हा आत जाऊन, दार लोटून, "बाळा, माझ्या हातून असं झालंय" एवढं बोलायला किती वेळ लागला असता? चोराच्या मनात चांदणं असतं; त्याला भाच्याच्या प्रत्येक प्रश्नात तोच प्रश्न ऐकू येत होता. म्हणून तो त्याला टाळू लागला. आणि टाळताना त्याच्या लक्षात आलं ते असं, की खरं सांगितलं असतं तरी त्या पहिल्या बाईने घोडा घेतला असता. मुलगा खूर रंगवायचा, तो रुसून गेला, तेव्हापासून आईच्या हातून ते काम होत नाही. एवढं पुरेसं होतं. पण त्याला ते फार लहान वाटलं होतं. ज्या दुःखात तो स्वतः काचेमागे माईक धरून बसला होता, ते सांगण्यापेक्षा पोराला मारून टाकणं त्याला सोपं गेलं होतं.

घोडामैदान जवळ होतं, ते आलं. गावोगावची माणसं आली, चांगली पंचवीस-तीस. मॅडम पुढे. भोंग्याने नवा सदरा घातला होता. पत्र्याच्या कंदिलावर लोक खूश झाले, बाइंडरने शिवणीचा एक दोरा तोडूनही पानं न सुटणारी वही दाखवली. मग अक्काचं दार आलं आणि भोंग्याचा आवाज खाली गेला. मॅडमनी सगळ्यांना खुणेने जवळ बोलावलं. त्याने सांगितलं. नदी, ब्रश, तिसरा दिवस. कुणीतरी डोळे पुसले. तेवढ्यात आतून भाचा बाहेर आला. लगद्याची बादली रिकामी झाली होती आणि तो भरायला निघाला होता. कोपरापर्यंत पांढरा, कपाळावर घाम. एवढी माणसं बघून तो दारातच थबकला.

पुढे उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईने, चांगल्या मनाने, विचारलं, "हे कोण? घरचेच का?"

भोंगा म्हणाला, "नाही. कामाला ठेवलाय. बाहेरगावचा आहे."

ते त्याच्या नेहमीच्या आवाजात निघालं. पूर्ण, भारदस्त, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारं. आत अक्काचा हात साच्यावर थांबला.

बाईने भाच्याला विचारलं, "कुठले तुम्ही?"

भाच्याने मामाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. मग त्याने जमलेल्या माणसांकडे, त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे आणि त्यांच्या हातातल्या घोड्यांच्या कोऱ्या खुरांकडे पाहिलं, आणि त्याला हळूहळू सगळं कळत गेलं. भोंग्याला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पाणी भिंतीत चढत जावं तसं.

"लांबचा," भाचा म्हणाला. "आत्ताच आलोय." आणि बादली घेऊन नळाकडे गेला.

गावोगावच्या माणसांना गल्ली पसंत पडली. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी बाइंडरच्या ओट्यावर सगळ्यांना चहा पाजला. भोंगा चहाला थांबला नाही. तो अक्काकडे गेला. भाचा भिंतीला टेकून खाली बसला होता, पिशवी शेजारी.

"मामा," तो म्हणाला, "मी कधी वारलो ते जरा सांगाल का? तारीख नको. साधारण सांगितलं तरी चालेल."

एवढी वर्षं तो मामाला 'तू' म्हणत आला होता. भोंगा दाराजवळ खाली बसला. 

"त्याच्या एकट्याच्या अंगावर नको जाऊस," अक्का म्हणाली. ती अजून पाटावरच होती. "पहिल्या दिवशी सांगितलं त्याने, तेव्हा मी आत होते. हा कधी हळू बोलत नाही, म्हणून कान दिला. सगळं ऐकलं. बाहेर येऊन म्हणता आलं असतं, माझा मुलगा जिवंत आहे. उठले पण. मग ती बाई म्हणाली, मला दोन द्या. मी दोन बांधून दिले."

बाहेर पत्रेवाल्याची ठोकाठोकी चालू होती.

"मी परत जातो," भाचा म्हणाला. "उद्याच्या गाडीने. तुमचं चाललंय ते चालू दे."

"जाऊ नकोस," अक्का म्हणाली.

"आणि राहून काय करू? आत बसून लगदा कुटू, कुणी विचारलं तर बाहेरगावचा?"

भोंगा म्हणाला, "उद्या मी सांगतो सगळं. लोकांना. खरं काय ते."

भाचा त्याच्याकडे बघून हसला. मोठं माणूस लहान पोरांना हसतं तसं. "बघू."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा भाच्याची पिशवी दारात होती. भोंग्याने मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. रात्रभर त्याने ते घोकलं होतं. पत्रेवाल्याकडे, बाइंडरकडे तो नुसता घाईने उरकत गेला. आणि अक्काच्या दारात आल्यावर त्याचं तोंड उघडलं, आवाज आपोआप खाली उतरला, आणि तोंडातून निघालं, "तिचा एकच मुलगा होता." त्याने स्वतःला थांबवायचा प्रयत्न केला. पण रुळलेलं वाक्य पुढच्या वाक्याला ओढून आणतं. नदी आली. ब्रश आला. तिसरा दिवस आला. शेवटी तो गप्प झाला तेव्हा त्याचा नवा सदरा पाठीला चिकटला होता. पाहुणे मान खाली घालून उभे होते.

दार उघडलं आणि भाचा बाहेर आला. त्याच्या एका हातात घोडा होता, दुसऱ्या हातात ब्रश.

"मी तो," तो म्हणाला.

लोकांनी मान वर केली.

"बुडालो नाही. गोदामात होतो." त्याने घोडा वर धरला. "खूर कोरा राहतो कारण तिथे चिमटा असतो. माझं काम होतं ते रंगवायचं." आणि तिथेच, उभ्या उभ्या, त्याने तो खूर रंगवला.

मग मागून कुणीतरी हसलं. सुटकेचं हसू. मग आणखी एक. मग टाळ्या वाजल्या. एक बाई हसता हसता रडत होती. "म्हणजे हे जिवंत आहेत? अहो, कसलं घाबरवलंत तुम्ही," ती भोंग्याला म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. लोकांना भाच्याबरोबर फोटो हवे होते. एकाने विचारलं, "तुम्हीच का ते बुडालेले?" आणि भाचा म्हणाला, "हो, मीच." कुणीतरी फोन भोंग्याच्या हातात दिला, आणि त्यानेच तो फोटो काढला. त्यात भाचा सरळ त्याच्याकडे बघत होता.

त्या दिवशी फळी रिकामी झाली. मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले चार-पाच घोडेसुद्धा गेले.

मॅडम धावत आल्या. त्यांना कुणी कळवलं होतं. भोंग्याला वाटलं, आता तरी कुणीतरी त्याच्यावर ओरडेल. त्या म्हणाल्या, "अहो, मी ती गोष्ट खरीच धरून चालले होते! आणि तुम्ही शेवट बदललात, तोही मला सांगितला नाही? किती छान केलंत. आधीचं जरा जडच होतं." त्याने खरं काय ते सांगायला सुरुवात केली, पण त्या ऐकताना डोकं हलवत होत्या, नाटकाच्या तालमीतलं कुणी ऐकावं तसं, आणि त्याने बोलणं अर्ध्यातच सोडलं. झाकली मूठ निदान झाकलेली तरी असते. ही उघडून दाखवली आणि लोकांना ती टाळी वाटली.

भाच्याने पिशवी उचलून आत ठेवली.

"राहतोस?" भोंग्याने विचारलं.

"आई म्हणते राहा. काम आहे." तो ब्रश पाण्यात हलवत होता. "रोज असंच करू. तुम्ही सांगा, मी येतो बाहेर."

"नको रे. मी आता खरंच सांगेन. सरळ."

"सरळ कुणी ऐकत नाही, तुम्हालाच माहीत आहे ते. गल्लीला हे लागतं. पन्नास घरं की किती म्हणतात ना तुमच्या मॅडम." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "फक्त एक करा. मला मारताना आवाज खाली घेत जाऊ नका. मोठ्याने सांगा. आत ऐकू आलं पाहिजे. नाहीतर बाहेर कधी यायचं ते मला कसं कळणार?"

"बरं," भोंगा म्हणाला.

तेव्हापासून तो मोठ्याने सांगतो. पाहुण्यांना माहीत असतं की मुलगा जिवंत आहे. त्यांनी फोनवर फोटो पाहिलेले असतात, ते आधीच गालात हसत उभे असतात. तो नदी सांगतो, ब्रश सांगतो, तिसऱ्या दिवशी सापडला म्हणून सांगतो, आणि थांबतो. सगळे दाराकडे बघतात. भाचा लगेच येत नाही. आधी तो वाक्य संपताच यायचा, मग एक श्वास थांबून, मग आणखी जरा वेळाने. आता तो आपल्या सवडीने येतो. अक्का आत असते, तीही त्याला घाई करत नाही. लोकांचं हसू हळूहळू विरतं. कुणीतरी पायाचा भार बदलतं, कुणीतरी विचारतं, "मग?"

भोंग्याकडे पुढचं वाक्य नसतं. तो भर उन्हात, माणसांच्या मधोमध, बंद दारासमोर उभा असतो.